लयकारिकेतले लिपिड मास स्पेकवर मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नमुने घेऊन येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच ते असतात. कुणी एमएस्सीच्या प्रोजेक्टवर असतं, कुणी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला, कधी एखादे डॉक्टर येतात, कधी आजारी मुलाचे आईवडील. उत्तरं एका जागी सापडावीत म्हणून हे पान लिहिलं. या सगळ्या उत्तरांच्या मुळाशी असलेली गोष्ट आधीच सांगते. नमुना यंत्राच्या, म्हणजे रेणूंवर विद्युतभार आणून त्यांचं वजन मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या (मास स्पेकच्या), तोंडाशी पोचेपर्यंत अर्धंअधिक उत्तर ठरून गेलेलं असतं. म्हणून इथे यंत्रापेक्षा बर्फ, चुंबक आणि काचेच्या नळ्या यांच्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

लयकारिका म्हणजे शाळेत शिकलो तीच ना?

तीच. आठवीच्या ‘पेशी व पेशीअंगके’ या पाठातली. लॅबमध्ये सगळे लायसोसोमच म्हणतात, पण लयकारिका हा शब्द मला फार आवडतो, कारण तिचं काम नावातच आलंय. आकाराने एवढीशी पिशवी, आतला पीएच साडेचार ते पाचच्या आसपास, आणि आम्लातच नीट चालणारी पन्नासच्या वर विकरं. प्रथिनं, शर्करा, लिपिड हे सगळं इथे येऊन सुटं होतं आणि सुटे भाग पेशीला परत मिळतात.

ख्रिश्चन द दूव्ह यांनी हे नाव १९५५ मध्ये दिलं आणि १९७४ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. शोधाची सुरुवात मात्र एका न जुळणाऱ्या आकड्याने झाली. उंदराच्या यकृताच्या ताज्या अर्कात आम्ल फॉस्फटेज हे विकर अपेक्षेपेक्षा फारच कमी दिसत होतं. तोच अर्क काही दिवस फ्रिजमध्ये राहिला आणि मग मोजला, तर ते भरपूर निघालं. विकर पहिल्यापासून तिथेच होतं, पण पटलाच्या आत बंद होतं. पटल फुटल्यावर बाहेर आलं. आज आपण मोजायला बसतो तेव्हाही नेमकी हीच काळजी घ्यावी लागते, की ही पिशवी आपल्या हातून फुटू नये.

लिपिडच का मोजायचे? विकर मोजलं की झालं, नाही का?

विकर मोजल्यावर कात्री बोथट आहे का ते कळतं. लिपिड मोजल्यावर किती कापड न कापता पडून राहिलंय ते कळतं. गोशे आजारात जीबीए१ या जनुकात दोष असतो आणि ग्लुकोसिलसेरामाइड साठत जातं. फॅब्रीमध्ये जीबी३ हा लिपिड साठतो, टे-सॅक्समध्ये जीएम२ गँग्लिओसाइड. नीमन-पिक सी आजारात बहुतेक रुग्णांत दोष असतो तो एनपीसी१ या वाहक प्रथिनात, त्यामुळे कोलेस्टेरॉल लयकारिकेतून बाहेरच पडत नाही. तिथे कापणारं विकर तपासत बसलात तर हाती काहीच लागणार नाही.

मग अख्ख्या पेशीतले लिपिड काढून मोजले तर चालत नाही का?

काय मोजायचंय त्यावर आहे. लयकारिका पेशीचा अगदी लहान भाग व्यापते. फॉस्फटिडिलकोलीनसारखा लिपिड पेशीच्या जवळजवळ प्रत्येक पटलात असतो. लयकारिकेत तो दुप्पट झाला तरी अख्ख्या पेशीच्या आकड्यात ती वाढ बुडून जाते. कोलेस्टेरॉलचंही बऱ्याचदा असंच होतं, कारण त्याचा मोठा साठा पेशीपटलात असतो.

अपवाद बीएमपीचा. हा लिपिड जवळजवळ सगळा लयकारिकेत आणि तिच्या आधीच्या टप्प्यातल्या एंडोसोममध्येच राहतो. प्रश्न फक्त बीएमपीचा असेल तर अख्ख्या पेशीवरून सुरुवात करा, असं मी सरळ सांगते. लयकारिका वेगळ्या काढायला लागणारे महागडे चुंबकी बीड्स (मणी) विनाकारण संपवण्यात अर्थ नाही.

लयकारिका वेगळ्या कशा काढतात?

जुनी पद्धत घनतेवर चाले. अर्क अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये तासन् तास फिरवायचा आणि थर वेगळे करायचे. त्यात तंतुकणिका हमखास सोबत येतात, आणि तेवढ्या वेळात आतली विकरं आपलं काम चालूच ठेवतात.

आता बहुतेक ठिकाणी लायसो-आयपी करतात. ही पद्धत २०१७ मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमधून मुन्थर अबू-रेमैलेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. टीएमईएम१९२ हे लयकारिकेच्या पटलातलं प्रथिन. त्याच्या पेशीद्रव्याकडच्या टोकाला एचए नावाच्या छोट्या खुणेच्या तीन प्रती जोडतात. त्या खुणेला पकडणारी प्रतिपिंडं चुंबकी बीड्सवर बसवलेली असतात. पेशी फोडल्या, बीड्स टाकले, चुंबकाला लावलं की लयकारिका बीड्सना चिकटून बाजूला येतात.

हातात घेतल्यावर ते असं दिसतं. साधारण ३ ते ३.५ कोटी पेशी प्लेटवरून खरवडायच्या आणि बर्फावर केपीबीएस बफरमध्ये घ्यायच्या. या बफरमध्ये १३६ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड, १० मिलिमोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि पीएच ७.२५, एवढंच असतं. साखर नाही, डिटर्जंट नाही. मास स्पेकला दोन्ही सोसत नाहीत, म्हणून ही कृती इतकी साधी ठेवली आहे. काचेच्या होमोजनायझरमध्ये वीस-पंचवीस वेळा दांडा वरखाली करायचा. इथे हाताला सवय लागते. दांडा फिरवत खाली न्यायचा आणि वर ओढताना फेस येऊ द्यायचा नाही. मग १००० जी वर २ मिनिटं फिरवून केंद्रकं खाली बसवायची, वरचं पाणी बीड्सवर घालायचं, ३ मिनिटं हलकेच फिरवायचं आणि चुंबकाला लावायचं. तपकिरी बीड्स नळीच्या भिंतीकडे सरकून रेघ धरतात आणि गढूळ पाणी काही सेकंदांत नितळ होतं. तीन वेळा धुवायचं. पेशी खरवडल्यापासून हे सगळं १० मिनिटांच्या आसपास संपायला हवं.

होमोजनायझरमध्ये घालण्याआधी पेशींचा २५ मायक्रोलिटर भाग बाजूला काढून ठेवा. अख्ख्या पेशीत काय होतं ते कळल्याशिवाय लयकारिकेतल्या आकड्याचा अर्थ लागत नाही, आणि ही पायरी घाईत सगळ्यात जास्त विसरली जाते.

आलं ते शुद्ध आहे हे कशावरून?

वेस्टर्न ब्लॉटवरून, म्हणजे ठरावीक प्रथिनं प्रतिपिंडांनी ओळखून पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीवरून. लयकारिकेचे लॅम्प१ किंवा लॅम्प२ आणि कॅथेप्सिन भरपूर दिसले पाहिजेत. तंतुकणिकेचं व्हीडॅक, आंतर्द्रव्यजालिकेचं कॅलरेटिक्युलिन आणि गॉल्गीचं जीएम१३० जवळजवळ दिसताच कामा नये.

यात कॅथेप्सिन वेगळ्या कारणासाठी बघायचं असतं. लॅम्प पटलात असतं, कॅथेप्सिन आतल्या द्रवात. लॅम्प भरपूर आणि कॅथेप्सिन गायब असेल तर पिशव्या फुटल्या आहेत आणि तुमच्या बीड्सवर रिकामी पटलं आहेत.

ब्लॉटबरोबर आणखी एक गोष्ट लागतेच. ज्या पेशींना एचए खूण नाही अशा पेशींवरही हीच कृती तंतोतंत करायची. बीड्सना नुसतेच चिकटणारे लिपिड त्यात दिसतात. हा कंट्रोल नसेल तर मी नमुने यंत्रावर लावायच्या आधी परत पाठवते. माझ्या या सवयीचा राग येतो लोकांना, पण त्या कंट्रोलशिवाय आलेल्या आकड्याचं मला काहीच करता येत नाही.

आकडे कशाने भागायचे? प्रथिनाने?

लायसो-आयपीमध्ये प्रथिनाने भागू नका. बीड्सवरची प्रतिपिंडंही प्रथिनंच आहेत. धुताना ती थोडी सुटतात आणि प्रथिन मोजायच्या बीसीए चाचणीत लयकारिकेचं प्रथिन म्हणून मोजली जातात. लॅम्पच्या पट्टीची तीव्रता बरी पडते. पेशींची संख्या दोन्ही बाजूंना नीट मोजली असेल तर तीही चालते. एकूण लिपिडच्या प्रमाणात मांडायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. आजारामुळे एकूण लिपिडच वाढलेले असतील, तर त्या भागाकारात खरी वाढ झाकली जाते.

लिपिड बाहेर काढायला फोल्च घ्यावं की एमटीबीई?

दोन्ही चालतात. फोल्च पद्धत १९५७ ची, क्लोरोफॉर्म आणि मेथनॉल २:१. त्यात लिपिडचा थर खाली जातो. एमटीबीई (मिथाइल टर्ट-ब्यूटाइल ईथर या द्रावकाची) पद्धत २००८ ची, त्यात लिपिडचा थर वर येतो. खालचा थर काढायचा तर मधली पांढरी प्रथिनाची चकती सुईने भेदून जावं लागतं, म्हणून नवख्यांना मी एमटीबीई सुचवते. गँग्लिओसाइड मोजायचे असतील तर लक्षात ठेवा, फोल्चमध्ये त्यांचा बराच भाग वरच्या पाण्याच्या थरात जातो. तो थर फेकला की जीएम२ गेलं.

क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकच्या नळीत घेऊ नका, काचेची घ्या. प्लॅस्टिकमधून निघणारी द्रव्यं स्पेक्ट्रममध्ये आठवडाभर पाठ सोडत नाहीत. पामिटिक आणि स्टिअरिक आम्ल तर रिकाम्या नळीतही सापडतं, म्हणून प्रत्येक बॅचमध्ये नमुना न घातलेली एक नळी सगळ्या पायऱ्यांतून न्यायची.

बीएमपीसाठी तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली दोन्ही टाळा. त्याच्या मेदाम्लांच्या साखळ्या ग्लिसरॉलवर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकतात.

इंटर्नल स्टँडर्ड कधी घालायचं?

इंटर्नल स्टँडर्ड म्हणजे तुलनेसाठी माहीत असलेल्या प्रमाणात मुद्दाम घातलेला लिपिड. तो अर्क काढायच्या आधी, मेथनॉलमध्येच. नंतर घातलं तर अर्क काढताना जे वाया गेलं त्याचा हिशेब लागत नाही.

हिशेब साधा आहे. समजा नळीत १० पिकोमोल स्टँडर्ड घातलं, आलेखावरच्या त्याच्या शिखराचं (पीकचं) क्षेत्रफळ २ लाख आलं आणि आपल्या लिपिडचं ५ लाख. म्हणजे आपला लिपिड २५ पिकोमोल. पण हे खरं ठरतं ते दोघं त्याच वर्गातले असतील आणि लिपिड वेगळे करणाऱ्या कॉलममधून साधारण एकाच वेळी बाहेर येत असतील तेव्हाच. बीएमपीसाठी १४:०/१४:० (दोन्ही साखळ्यांत १४ कार्बन, दुहेरी बंध शून्य) वापरायची पद्धत आहे, कारण ते पेशींत सहसा नसतं. पण आखूड साखळ्यांमुळे ते लवकर बाहेर येतं आणि लांब साखळ्यांचं बीएमपी बरंच नंतर. दोघांच्या आजूबाजूची गर्दी वेगळी, त्यामुळे आयन होण्याचं प्रमाणही वेगळं. ड्युटेरियम घातलेलं स्टँडर्ड परवडत असेल तर तेच घ्या.

सॉफ्टवेअर पीजी म्हणतंय, तुम्ही बीएमपी म्हणताय. खरं काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण यात मी स्वतः फसले आहे.

फॉस्फटिडिलग्लिसरॉल, म्हणजे पीजी, आणि बिस-मोनोअॅसिलग्लिसेरो-फॉस्फेट, म्हणजे बीएमपी, यांचं रेणुसूत्र तंतोतंत एक. पीजीमध्ये दोन्ही मेदाम्लं एकाच ग्लिसरॉलवर असतात. बीएमपीमध्ये दोन ग्लिसरॉलवर एकेक. वजनात फरक शून्य, त्यामुळे यंत्राचं रिझोल्यूशन कितीही वाढवलं तरी उपयोग होत नाही. दोन ओलिक आम्लं असलेले हे दोघंही निगेटिव्ह मोडमध्ये (ऋणभारित आयन मोजताना) एम/झेड, म्हणजे वजन भागिले विद्युतभार, ७७३.५ वर दिसतात, आणि फोडले तर दोघांतूनही २८१.२ चं तेच ओलिएट ठळक येतं.

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी क्लोरोक्वीन दिलेल्या पेशींत पीजी वाढतं असं दाखवणारी आकृती केली होती. सॉफ्टवेअरने ७७३.५ ला पीजी ३६:२ असं नाव दिलं आणि मी ते मानलं. पीजी हा तंतुकणिकेतल्या कार्डिओलिपिनचा पूर्वज, म्हणून तीन महिने मी तंतुकणिकेवर प्रयोग करत राहिले. शेवटी एका वरिष्ठ ताईंनी विचारलं, “पॉझिटिव्हमध्ये बघितलंस का गं?” त्याच संध्याकाळी बघितलं.

पॉझिटिव्ह मोडमध्ये अमोनियम चिकटलेला आयन घ्यायचा, ७९२.६. तो फोडला की पीजीचं डोकं, म्हणजे १८९ एवढं वजन, गळून पडतं आणि दोन्ही साखळ्यांसह ६०३.५ चा तुकडा उरतो. बीएमपी मधोमध तुटतं आणि एकाच साखळीचा ३३९.३ चा तुकडा देतं. माझ्या नमुन्यात ३३९.३ उंच उभा होता आणि ६०३.५ जेमतेम. वाढलं होतं ते बीएमपी, आणि गोष्ट पहिल्यापासून लयकारिकेची होती.

तेव्हा नियम असा ठेवा: मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) अमोनियम फॉर्मेट, सी१८ कॉलमवर दोघं वेगळ्या वेळी येतील इतका सावकाश ग्रेडियंट (द्रावकाच्या मिश्रणातला बदल), दोघांची शुद्ध स्टँडर्ड त्याच दिवशी चालवायची आणि नाव द्यायचं ते पॉझिटिव्हमधला तुकडा बघूनच. सीएलएन५ काढून टाकलेल्या पेशी मिळत असतील तर आणखी चांगलं. हे प्रथिन बीएमपी तयार करतं असं २०२३ मध्ये दाखवलं गेलं. त्या पेशींत तुमचं पीक खूप खाली आलं तर नाव बरोबर आहे.

कोलेस्टेरॉल दिसतच नाही. यंत्र बिघडलंय का?

नाही. कोलेस्टेरॉलवर विद्युतभार घेईल असा गट जवळजवळ नाही, त्यामुळे इलेक्ट्रोस्प्रेमध्ये (आयन बनवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ते फार कमी आयन देतं. पाणी गमावून ३६९.३५ वर थोडं दिसतं, आणि कोलेस्टेरिल एस्टरही फुटून तिथेच येतात. एपीसीआय हा आयन बनवायचा दुसरा स्रोत वापरा किंवा आधी रासायनिक शेपूट जोडा. नीमन-पिक सीसारख्या कामात सोबत कोलेस्टेरॉलला चिकटणारा फिलिपिन रंग लावून सूक्ष्मदर्शकाखालीही बघा. किती आहे ते यंत्र सांगतं, कुठे आहे ते फिलिपिन.

ग्लुकोसिल आणि गॅलॅक्टोसिल वेगळे कळतात का?

वजनाने नाही. शर्करेवरचा एकच हायड्रॉक्सिल गट वर की खाली, एवढाच फरक आहे. गोशेमधलं ग्लुकोसिलस्फिंगोसिन आणि क्रॅबे या आजारातलं सायकोसिन (गॅलॅक्टोसिलस्फिंगोसिन) दोन्ही ४६२.३ वर येतात आणि दोन्ही २८२.३ चा तुकडा देतात. साध्या सी१८ वर ते एकावर एक बसतात. हिलिक या वेगळ्या प्रकारच्या कॉलमवर वेगळे होतात, पण ग्रेडियंट लांब ठेवावा लागतो आणि कॉलम जुना झाला की ते पुन्हा चिकटायला लागतात. मेंदूच्या नमुन्यात गॅलॅक्टोसिल मुळातच भरपूर असतं, तिथे ही काळजी दुप्पट.

ट्रिपल क्वाड्रुपोल की ऑर्बिट्रॅप?

हे मास स्पेकचे दोन प्रकार. ठरलेले वीस-तीस लिपिड शेकडो नमुन्यांत मोजायचे तर ट्रिपल क्वाड. काय बदललंय तेच माहीत नाही, तर ऑर्बिट्रॅप.

औषध दिल्यावर बीएमपी वाढलं. म्हणजे औषध लयकारिकेवर काम करतंय?

घाई करू नका. अमिओडेरोन, क्लोरोक्वीन यांसारख्या औषधांच्या रेणूला एका टोकाला तेलकट भाग आणि दुसऱ्या टोकाला अमाइन असतो. लयकारिकेच्या आम्लात शिरलं की अमाइनवर धनभार येतो आणि औषध आतच अडकतं. मग फॉस्फोलिपिड साठतात, त्यांत बीएमपीही. याला फॉस्फोलिपिडोसिस म्हणतात. डीएचए या मेदाम्लाच्या दोन साखळ्यांचं बीएमपी, निगेटिव्ह मोडमध्ये ८६५.५ वरून ३२७.२ असं, यासाठी लघवीतसुद्धा मोजलं जातं.

कोविडच्या काळात पेशींमध्ये विषाणूला रोखणारी म्हणून निवडलेली बरीच जुनी औषधं प्रत्यक्षात फॉस्फोलिपिडोसिसच घडवत होती, हे २०२१ मध्ये सायन्स नियतकालिकात दाखवलं गेलं. त्यामुळे त्याच घडणीचं पण तुमच्या लक्ष्याला न लागणारं दुसरं औषध सोबत घ्या. दोघांनी बीएमपी सारखंच वाढवलं तर ती वाढ रेणूच्या घडणीमुळे आहे.

पेपरमध्ये पीसी (फॉस्फटिडिलकोलीन) १६:०/१८:१ लिहू की पीसी ३४:१?

जेवढं बघितलं तेवढंच लिहा. फक्त वजन बघितलं तर ३४:१. तुकड्यांवरून दोन्ही साखळ्या ओळखल्या तर मध्ये खालची रेघ, १६:०_१८:१. कोणती साखळी ग्लिसरॉलच्या कुठल्या जागी हेही सिद्ध केलं असेल तरच तिरकी रेघ. तिरकी रेघ सवयीने पडते. ती प्रत्येक वेळी स्वतःला विचारून टाका.

आमच्या मुलाला गोशे असल्याचा संशय आहे. ही तपासणी त्याच्यावर होईल का?

लायसो-आयपी ही संशोधनाची पद्धत आहे, कारण त्यात पेशींना आधी खूण जोडावी लागते. तुमच्या मुलासाठी तिची गरजही नाही. निदान रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधलं विकर मोजून आणि जीबीए१ जनुक तपासून होतं. सोबत रक्तातलं ग्लुकोसिलस्फिंगोसिन, रिपोर्टवर बहुधा लायसो-जीबी१ असं लिहिलेलं, मास स्पेकवरच मोजतात. कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही ते होतं. उपचार सुरू झाल्यावर तो आकडा खाली येतोय का हे बघायला तो फार उपयोगी पडतो. शक्य तर प्रत्येक वेळी एकाच प्रयोगशाळेत करा, म्हणजे आधीच्या आकड्याशी सरळ तुलना होते.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांत मुंबईचं केईएम रुग्णालय आहे. या धोरणात एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि अर्ज अशा केंद्रातूनच जातो. जनुक तज्ज्ञांची वेळ घ्या, जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या आणि घरात आधी कुणाची प्लीहा वाढली होती का, कुणाचं मूल लहानपणीच गेलं का, हे आजी-आजोबांना विचारून लिहून न्या. हे विचारणं जड जातं, पण डॉक्टर पहिल्या भेटीत तेच विचारणार आहेत.

दुसऱ्या शहरातून नमुने पाठवायचे असतील तर?

बीड्स धुऊन झाल्यावर शेवटचं केपीबीएस पूर्ण काढा, बीड्सवर लगेच मेथनॉल आणि इंटर्नल स्टँडर्ड घाला आणि उणे ८० अंशांत ठेवा. नुसत्या ओल्या बीड्स पाठवू नका. वाटेत वितळल्या तर विकरं पुन्हा जागी होतात. कोरडा बर्फ खोक्याच्या तळाशी आणि नळ्यांच्या वरही हवा. झाकणावर पेनने लिहू नका, मेथनॉलने शाई पुसते. अंक पेन्सिलने लेबलवर लिहा आणि यादी वेगळ्या पिशवीत घाला. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी निघू द्या. गुरुवारी निघालेलं खोकं शनिवारी गोदामात थांबतं आणि सोमवारी उघडावं तर आत बर्फ उरलेला नसतो.